लोबोबाईंची एक जानेवारी

लोबोबाई गेल्या, त्यानंतर शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिथं चर्चच्या कमिटीचे मिनेझीस साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "बाई म्हणजे मूर्तिमंत शांती होत्या. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला खुर्चीत बसवेना. माणूस गेलं की त्याचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत करायची आपल्याकडे काय घाई असते कोण जाणे. आणि हे म्हणणारे गृहस्थ कोण, तर ज्यांना बाईंनी सगळ्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या सगळ्या मंडळींच्या, देखत "तुम्ही जरा गप्प बसा, साहेब" असं सुनावलं होतं, तेच. अहो, तुम्हांलाच तर दुखावलं होतं, आणि चांगलं वर्मी लागेल असं दुखावलं होतं. सभेत उठून हे बोलायची सोय नव्हती. म्हणून इथं लिहिते आहे.

लोबोबाई आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मी मराठी शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे माझ्या निबंधाच्या वह्यांवर नेहमी दोऱ्याचे तुकडे पडलेले असत. बाई मूळच्या आजऱ्याकडच्या, घरात कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक. पण सगळी नोकरी कोल्हापुरात झालेली, त्यामुळे जीभ पक्की इथली. इथल्या बायकांसारखंच "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. आवाज असा, की शिवणाच्या वर्गात त्यांनी "दोरा ओवा" म्हटलं की मैदानावर कवायत करणारी पोरं दचकून थांबायची. गळ्यात मापाची टेप कायम. चर्चमध्येसुद्धा. एकदा फादरांनी हळूच सुचवलं, तर म्हणाल्या, "तुमच्या गळ्यात तुमच्या कामाचं हाय, माझ्या गळ्यात माझ्या." फादर तरुण होते. हसले.

रिक्षावाला, मटणवाला, वर्गात चकाट्या पिटणाऱ्या मुली, उशिरा येणारी मी, बाईंच्या तोंडातून कुणी सुटलं नाही. पण त्या भांडून झाल्यावर जायच्या नाहीत, तिथंच थांबायच्या. समोरचा गप्प झाला की, "झालं न्हवं? आता काय करायचं ते सांग," असं विचारायच्या. भांडण ही त्यांच्या मते कामाची सुरुवात होती. लोक मात्र तेवढीच सुरुवात ऐकून बाईंना कजाग म्हणायचे.

तर अशा या बाईंच्या अंगात दर वर्षी एक जानेवारीला काहीतरी संचारायचं. आपल्याला ती तारीख नव्या वर्षाची म्हणून माहीत. कॅथलिक लोकांत तो शांतीचा दिवस असतो. जगभर त्या दिवशी शांतीसाठी प्रार्थना करायची आणि शांतीसाठी काम करायचं, असं रोमहून सांगणं असतं. दर वर्षी पोपचा संदेश येतो आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेत, तो वाचून दाखवतात. बहुतेक लोक आदल्या रात्रीच्या जागरणानं पेंगत तो ऐकतात. बाईंना त्यातलं "काम" तेवढं ऐकू यायचं. मिस्सा संपली की बाकापाशी उभ्या राहून पदर खोचत म्हणायच्या, "प्रार्थना झाली. आता काम."

हे काम म्हणजे सलोख्याचा चहा. त्यांनीच सुरू केलेला. वर्षभरात पॅरिशमधल्या ज्या दोन माणसांचं वाजलं असेल, त्यांना त्या दिवशी मागच्या हॉलमध्ये आणायचं. किटली एकच. याने त्याच्या कपात ओतायचा, त्याने याच्या. दोघांनी एकमेकांसमोर बसून प्यायचा. मी ख्रिस्ती नाही, कोडोलीच्या शेतकऱ्याघरची. पण कपबशा मांडायला बाईंना मीच लागायचे. एक जानेवारीला मला कधी घरी बसायला मिळालं नाही.

सुरुवातीच्या एका वर्षी पीटर आणि अंतोन असे दोन पेटीवाले होते. ईस्टरला पेटी कुणी वाजवायची यावरून दोघांनी बोलणं टाकलेलं. बाईंनी दोघांना हॉलमध्ये घातलं, किटली मध्ये ठेवली आणि बाहेरून कडी लावली. आम्ही खिडकीशी. आत दोघंही किटलीकडे बघत बसलेले. मग अंतोन म्हणाला, "साखर कमी हाय." पीटर म्हणाला, "मला बी कमीच लागली." बाईंनी कडी काढली. "एका गोष्टीवर एकमत झालं. बाकीचं हळूहळू हुईल," म्हणाल्या. त्या वर्षापासून पेटी दोघं आळीपाळीने वाजवू लागले, आणि साखरेवरून मात्र दोघंही बाईंना बोलायचे.

शाळेतही त्यांचं असंच. शांती या विषयावर चित्रांची स्पर्धा होती. भिंतभर पांढरी कबुतरं आली. एका मुलीने मात्र नळावरची रांग काढली होती आणि मध्ये कमरेवर हात ठेवून ओरडणारी एक जाडी बाई. लोबोबाईंनी पहिला नंबर तिला दिला. मुख्याध्यापिका सिस्टरांनी विचारलं, यात शांती कुठे आहे. बाई म्हणाल्या, "ती बाई वरडाय लागलीय म्हणून सगळ्यांच्या घागरी भरायल्यात, सिस्टर. कबुतरानं कधी कुणाला पाणी मिळवून दिलंय?" ती जाडी बाई हुबेहूब लोबोबाईंसारखी होती, हे सगळ्यांना दिसत होतं. बाईंना दिसलं की नाही, ते मी विचारायचं धाडस केलं नाही.

आता मोनिकाचं सांगते. खरं तर एवढंच सांगायचं आहे.

बाई घरी झंपर शिवून द्यायच्या. मोनिका त्यांच्याकडे शिवायला टाकायची. विशी ओलांडलेली, अंगाने बारीक, कडेवर एक मुलगी. नवरा विल्यम शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. दिसायला राजबिंडा आणि गळा गोड. चर्चमध्ये गाण्यात पुढचा आवाज त्याचाच. म्हाताऱ्या बायका त्याच्यावर जीव टाकायच्या. एका उन्हाळ्यात मोनिकाने झंपराच्या बाह्या कोपराच्या खालपर्यंत मागितल्या. बाईंनी विचारलं, "ऊन लागत न्हाय काय गं?" ती म्हणाली, "आता हीच फॅशन हाय." बाईंनी टेप लावली, आकडा घेतला आणि शिवून दिलं. पुढच्या खेपेला तिने बाही मनगटापर्यंत मागितली. तेही शिवून दिलं.

त्या डिसेंबरात मोनिका मुलीला घेऊन माहेरी मलकापूरला निघून गेली. सगळ्या पॅरिशमध्ये बोभाटा झाला. विल्यम चर्चमध्ये गुडघ्यावर बसून रडला. मिनेझीस साहेब पॅरिशच्या कमिटीचे अध्यक्ष, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. ते बाईंकडे आले आणि म्हणाले, एक जानेवारी जवळ आली आहे, या दोघांना तुमच्या चहाला बसवा, एक संसार वाचेल. बाईंना ते पटलं. पटलं काय, अंगावर मूठभर मांस चढलं. त्या स्वतः मलकापूरला गेल्या आणि मोनिकाला घेऊन आल्या.

तो चहा मला आठवतो. हॉल भरलेला. विल्यमने तिच्या कपात चहा ओतला, डोळे पुसले, सगळ्यांच्या देखत माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोनिकाने त्याच्या कपात ओतताना निम्मा चहा बशीत सांडला. "लाजली," असं कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. ती त्याच्याबरोबर घरी गेली.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते, तेव्हा ती सरकारी दवाखान्यात असल्याचं कळलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला. ती म्हणाली, पाय घसरला. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. बाई तिच्या कॉटपाशी बसल्या. नर्सने इंजेक्शनसाठी दुसरी बाही वर केली आणि खालचे जुने डाग दिसले, काही काळे, काही पिवळे पडलेले. ती बाही कुणी शिवली होती ते बाईंना माहीत होतं. बाहेर व्हरांड्यात येऊन त्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुलभा, मी नुसतं माप घेटलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्या वर्गातून आवाज आला नाही. मुलींनी येऊन मला विचारलं, बाई आजारी आहेत का.

मोनिकाचा हात जुळला, पण वाकडा. ती परत माहेरी गेली. आणि वर्षभरानं, तुम्हांला सांगते, तीच माणसं, तोच हॉल, तीच तारीख, आणि मिनेझीस साहेबांनी परत तोच घाट घातला. विल्यमने दारू सोडली आहे म्हणे. पोरीला बाप पाहिजे म्हणे. मोनिकाच्या भावावर वजन आणून त्यांनी तिला बोलावून घेतलं, बाईंना न विचारता. बाईंना मिस्सेच्या वेळी कळलं, जेव्हा मोनिका मागच्या बाकावर येऊन बसली.

हॉलमध्ये टेबल मांडलेलं होतं. या बाजूला विल्यम नव्या शर्टात, त्या बाजूला मोनिका. किटली भरलेली. साहेब म्हणाले, "लोबोबाई, करा सुरुवात." बाईंनी किटली उचलली आणि मोनिकाच्या कपात स्वतः चहा ओतला. विल्यमच्या कपाकडे बघितलंसुद्धा नाही. मग किटली खाली ठेवून म्हणाल्या, "ह्या दोघांचं भांडण न्हाय. भांडाय दोघं लागत्यात. हितं एकजण मारतंय आणि एकजण मार खातंय. चहा भांडणावर असतो, मारावर नसतो."

साहेब म्हणाले, "बाई, आज शांतीचा दिवस आहे. घरातलं घरात..."

"तुम्ही जरा गप्प बसा, साहेब. मागच्या टायमाला मी बी गप्प बसलोतो. हिनं लांब बाही मागितली, मी शिवून दिली. हिचं वळ झाकायला कापड मी कापलं. आणि वर हिला आणून चहाला बसीवलं ते बी मीच. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजीवल्या." मग मोनिकाकडे वळून त्या एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुला जायचं हाय काय त्याच्याकडं? खरं सांग. हितं कुणाचं भ्या न्हाय."

मोनिकाने मान हलवली. नाही म्हणून. हॉलमध्ये तेवढा एकच हलणारा जीव असावा, असं मला वाटलं.

"चहा पी मग," बाई म्हणाल्या. "पिऊन झाला की जाऊया."

त्या तिला घेऊन रिक्षाने पोलीस चौकीत गेल्या. मी लूनावर मागोमाग. नव्या वर्षाचा पहिला दिवस, चौकीत हवालदार एकटा. त्याने सगळं ऐकून घेतलं, भला माणूस होता, आणि म्हणाला, "मावशी, आज सणाचा दिवस, कशाला तक्रार करतासा? बोलावून घेऊया नवऱ्याला, समजावतो की मी. थांबा, चहा सांगतो." आणि खरोखरच त्याने चहा मागवला. पोऱ्या तीन कप ठेवून गेला. बाई म्हणाल्या, "एक चहा पाजून बघिटला, हवालदार. त्यात हिचा हात गेला. तुम्ही लिहून घ्या." हवालदार मोठ्या साहेबांची वाट बघूया म्हणाला. बाई बाकावर बसून राहिल्या. दुपार कलली, चहावर साय आली, तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी त्याने कंटाळून तक्रार लिहून घेतली. मोनिकाने डाव्या हाताने सही केली.

पुढची हकिगत ऐका. पॅरिशमध्ये संताप उसळला, पण कुणावर, तर लोबोबाईंवर. शांतीच्या दिवशी शांती बिघडवली. चर्चचं नाव पोलिसात नेलं. हॉलची किल्ली बाईंकडे असायची, ती कमिटीने काढून घेतली. चहा बंद झाला. पुढच्या वर्षीपासून कापडी फलक आला, त्यावर कबूतर आलं आणि सगळ्यांना केक मिळू लागला. ज्यांचं वाजलं होतं ते हॉलच्या दोन टोकांना उभे राहून केक खाऊ लागले. कोर्टात केस रेंगाळली. शेजाऱ्यांना आपण काय ऐकलं होतं ते आठवेना. विल्यम सुटला, आणि गाण्यातला पुढचा आवाज त्याचाच राहिला. ज्या तोंडाने तो बायकोला शिव्या द्यायचा, त्याच तोंडाने ख्रिसमसला एकट्याने गायचा, आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. त्याने शांती बिघडवली असं कुणी म्हटलं नाही.

मिस्सेत एक क्षण असतो. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि मग सगळे आजूबाजूच्यांना हात जोडून "शांती असो" म्हणतात. त्या काळात बाईंच्या पुढच्या बाकावरचे लोक मागे वळायचे नाहीत. मागच्यांचे हात जोडलेले असायचे, पण नजर खांबाकडे. बाई मात्र चारी बाजूंना वळून, ज्याने पाठ फिरवली आहे त्याच्या पाठीलासुद्धा, मोठ्यांदा "शांती असो" म्हणायच्या. चर्चभर ऐकू जायचं. कुणी म्हणेल, हा त्यांचा मोठेपणा. मला विचाराल तर तो दम होता.

मोनिकाने मलकापूरला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरलं आणि मुलीला शिकवलं. दर सुट्टीत बाई तिकडे जायच्या. तिच्यासाठी शिवलेले झंपर घेऊन जायच्या, बाह्या दंडाशीच. कोपराखाली बाही मागणाऱ्या बाईला त्यांच्या घरी आता दारातच उभं करून विचारपूस व्हायची. कितीतरी गिऱ्हाइकं तुटली. काही मात्र आत येऊन, दार लावून, बराच वेळ बसायची.

बाई रिटायर झाल्या, गुडघे गेले. एक जानेवारीला मी त्यांना स्कूटरवरून चर्चला न्यायचे आणि मागच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसायचे. आता सांगते ती त्यांची शेवटची खेप. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गेल्या.

"एकमेकांना शांती द्या" झालं. लोक वळायला लागले. तेवढ्यात गाणाऱ्यांच्या बाकावरून विल्यम निघाला आणि मधल्या वाटेने सरळ मागे आला. केस पिकलेले, अंग उतरलेलं. बाईंच्या समोर येऊन हात जोडून उभा राहिला. "शांती असो, बाई," म्हणाला. सगळं चर्च वळून बघू लागलं. मिनेझीस साहेबांनी तर आधीच रुमाल काढला होता. आता म्हातारी त्याला जवळ घेणार, आणि सगळ्यांची कायमची सुटका होणार, असं त्या सगळ्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं.

बाई बाकाला धरून उठल्या. त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "माझा हात तू मोडला न्हाईस, विल्यम. मोनिकाला विचारून सांगतो."

आणि खाली बसल्या.

मिस्सा संपल्यावर लोक आमच्या बाजूने न बघता बाहेर गेले. मला वाटलं, बाईंनी वेळ मारून नेली. पण अंगणात आल्या आल्या त्या म्हणाल्या, "लाव फोन." मी माझ्या मोबाइलवरून वसतिगृहाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी काही प्रस्तावना केली नाही. "मोनिका, विल्यम आलाय. शांती मागतोय. खरोखरच मागतोय असं मला तरी दिसलं. काय सांगू?"

त्या थांबल्या. ज्या बाईने आयुष्यभर समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, ती बाई काठीवर रेलून, एक शब्द न बोलता थांबली. क्षमा करावी असं म्हणाली नाही, करू नये असंही नाही. पलीकडची भांडी थांबली होती. मग मोनिका काहीतरी म्हणाली. बाई म्हणाल्या, "बरं. जेवलीस काय?" आणि फोन माझ्याकडे दिला.

केकचं टेबल अंगणाच्या त्या टोकाला होतं. मी म्हटलं, मी सांगून येते. बाईंनी मानेनेच नको म्हटलं आणि काठी टेकत निघाल्या. गुडघ्यांमुळे वेळ लागत होता. विल्यम कागदी बशी धरून उभा होता. त्याने केकला हात लावला नव्हता. बाई त्याच्यापाशी पोचल्या आणि, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेल्या अशा मऊ आवाजात, म्हणाल्या, "अजून न्हाय, म्हणाली."

विल्यमने मान खाली घातली. "बरं," म्हणाला.

मिनेझीस साहेब तिथंच होते. त्यांना राहवलं नाही. "बाई, निदान आजच्या दिवशी तरी..."

"आजच्याच दिवशी, साहेब," लोबोबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून स्कूटर काढायला सांगितली.